ओनिगिरी गरम करून देऊ?

तो दारातून आत आला तेव्हा मी ओदेनच्या, म्हणजे काउंटरवर मंद शिजणाऱ्या रश्शाच्या, भांड्यात मुळ्याच्या चकत्या सोडत होते. दाराची घंटी वाजली की मान वर न करताच "या, या" म्हणायचं, ही आम्हा दुकानवाल्यांची सवय. तसं मी म्हटलं. पण पावलं काही पुढे येईनात, म्हणून वर पाहिलं. निळा रेनकोट, नाकाच्या शेंड्यावरून टपकणारं पाणी, आणि बाहेर काचेला टेकवलेली एक सायकल. तिचं मागचं चाक पार वाकडं झालेलं.

"फरशी ओली होईल," तो म्हणाला.

"झालीच आहे. आता आत या, म्हणजे दार तरी लागेल."

तो आत आला आणि ओनिगिरीच्या कप्प्यासमोर जाऊन उभा राहिला. खूप वेळ. भाताचे ते त्रिकोण, वर शेवाळाचा काळा कागद, पोटात कधी मासा, कधी आंबट आलुबुखार. जपानात जन्मलेल्या माणसाला त्यात इतकं बघण्यासारखं काय असतं? पण हा प्रत्येकावरची चिठ्ठी वाचत होता. शेवटी एक साल्मनचा आणि एक लाल भाताचा घेऊन काउंटरवर आला.

"गरम करून देऊ?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ओनिगिरीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"ओनिगिरी... गरम?"

"हो. वीस सेकंद."

"बरं..." तो म्हणाला, आणि का कोण जाणे, कानापर्यंत लाल झाला.

मायक्रोवेव्ह वाजला. मी दोन्ही पुडके कागदी पिशवीत घालून त्याच्यापुढे धरले. त्याने पिशवी लगेच घेतली नाही. आधी दोन्ही तळवे तिच्याभोवती धरले आणि डोळे मिटले. भिजलेला, दमलेला माणूस, त्याला ऊब मिळाली, एवढंच. पण मी ते बघत राहिले आणि भांड्यातल्या मुळ्याला उकळी आलेली मला कळलीच नाही.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, रुमोई शहराच्या वर, समुद्र आणि हमरस्ता यांच्या मधे आमचं गाव. गावात दुकान एकच, चोवीस तास उघडं. मी चोवीस वर्षांची, सकाळी सात ते चारची पाळी. माझ्या जोडीला साएकीसान. अठ्ठावन्न वर्षांच्या, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ. ते दुकान आता राहिलं नाही. गेल्या मार्चमध्ये साएकीसाननीच कळवलं, की दिवे काढून नेले, पाटी उतरवली, आणि काचांना आतून कागद लावलेत. पत्र वाचलं आणि मला पहिल्यांदा आठवला तो निळा रेनकोटच.

त्या दिवशी पाच मिनिटांत तो परत आला होता.

"हा लाल भात गोड आहे," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, धक्का होता.

"मग कसा असतो?"

"मिठाचा. तिळाचा. ह्यात साखरेत मुरवलेले दाणे आहेत."

"तेच तर लाल भातात घालतात," मी म्हटलं. "तुमच्याकडे काय घालतात?"

"तुमच्याकडे म्हणजे... मी कागोशिमाचा."

साएकीसाननी मागच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं. "अगं बाई, देशाच्या त्या टोकाहून या टोकाला! आणि आला तो गोड भात खायला."

नाव अरिमुरा हिरोमु. वय सत्तावीस. घरचे चहाचे मळे. सगळ्यांत दक्षिणेच्या साता टोकाहून सगळ्यांत उत्तरेच्या सोया टोकापर्यंत सायकलने जायचं म्हणून निघालेला. सोया आता दोन दिवसांवर राहिलेलं, आणि आमच्या गावाच्या वेशीवर गटाराच्या जाळीत चाक अडकून रिम वाकली. नवी रिम ओसाकाहून साप्पोरोला आणि साप्पोरोहून आमच्याकडे येणार. आठवडा तरी लागणार. जुन्या रेल्वे स्टेशनात प्रवाशांसाठी मुक्कामाची सोय होती, तिथे तो उतरला. पण तिथे दिवसा कुणी नसायचं, म्हणून पार्सलसाठी पत्ता दिला तो आमच्या दुकानाचा.

"दहा ऑक्टोबरला घरी पोहोचायचंय," त्याने सांगितलं. "शेवटची तोडणी. तेव्हा नाही गेलो तर वडील मला चहाच्या ऐवजी छाटतील."

म्हणजे पार्सल आलं की तो जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. मला माहीत होतं, साएकीसानना माहीत होतं, सगळं गाव जाणून होतं. तरी मी काय केलं ते पुढे सांगते.

गावात खानावळ एक, तीही फक्त उन्हाळ्यात चालणारी. त्यामुळे तो तिन्ही वेळा दुकानात. सकाळी अंड्याचं सँडविच, दुपारी ओनिगिरी, तिसऱ्या प्रहरी ओदेन. दारातून आत येताना पहिला प्रश्न ठरलेला, "आलं का?" मी नाही म्हणून मान हलवायची. मग तो कप्प्यांपुढे रेंगाळायचा. त्याच्या खिशात सोया सॉसची एक छोटी बाटली असायची, आईने दिलेली. एकदा त्याने ती माझ्या ओदेनमधल्या अंड्यावर शिंपडली. मी चाखलं.

"हे तर गोड आहे."

"हो. आमच्याकडचा सोया सॉस गोडच."

"आणि आमच्या भाताला हसता होय?"

"हसलो कुठे? मी तर हल्ली रोज तोच घेतो."

घेत होता खरा. रोज दुपारी एक साल्मनचा, एक गोड भाताचा. रोज मी विचारायची, "गरम करून देऊ?" आणि रोज तो "हो" म्हणताना जरासा थांबायचा. चौथ्या दिवशी तो म्हणाला,

"तोमोएसान, एक सांगू? बेचाळीस दिवस झाले निघून. रोज दोन-तीनदा अशाच दुकानांत जेवलो. क्युशू, शिकोकू, होन्शू, तिन्ही बेटांवर. पण ओनिगिरी गरम करून देऊ का, असं कुणी... कुणीसुद्धा विचारलं नाही. तुम्हीच पहिल्या."

यावर मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, की अहो, होक्काइदोत सगळेच विचारतात, इथे थंडी आहे, ही इथली रीतच आहे. पण तो माझ्याकडे असा बघत होता, की खरं सांगावंसं वाटेना. मी नुसती हसले आणि चिमटा पुसायला लागले. स्वच्छ चिमटा, तीनदा पुसला.

पाचव्या दिवशी व्हायचं ते झालं. त्याच्यापुढे रांगेत बोटीवरचे एक काका उभे होते, गमबूट, अंगाला माशांचा वास. त्यांनी कोंबूचा, जाड समुद्री शेवाळाचा, ओनिगिरी ठेवला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गरम करून देऊ?"

"अर्थात," काका म्हणाले.

मागे तो उभा. काका गेले. त्याने आपले दोन ओनिगिरी काउंटरवर ठेवले, पण हात काही उचलला नाही.

"सगळ्यांना विचारता?"

"सगळ्यांना," मी खरं ते सांगितलं. "नाही विचारलं तर लोक म्हणतात, ही कुठून आली."

"अस्सं... आणि मी आपला..."

"काय?"

"काही नाही. आज थंडच द्या."

तो गेला. साएकीसान झाडू घेऊन काचेपाशी उभ्या होत्या. "पोराचं तोंड बघितलंस? त्याला वाटलं होतं, ही ऊब फक्त त्याच्यासाठी."

"मी कधी तसं म्हटलं?"

"नाही म्हटलंस. आणि नाहीही नाही म्हटलंस. आता निस्तर."

रात्रभर वाईट वाटत राहिलं. त्याचा काय दोष? थंडी-वाऱ्यात बेचाळीस दिवस सायकल मारत आलेल्या माणसाला कुणीतरी एक साधी विचारपूस केली, ती त्याने आपली म्हणून जपली. आणि खरं सांगायचं तर त्याला विचारताना माझा आवाज काकांना विचारतानाचा नसायचाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. "आलं का?" विचारलं, मी मान हलवली. साल्मन आणि गोड भात काउंटरवर आले. मी काही न बोलता ते उचलले, मायक्रोवेव्हमध्ये ठेवले, वीस सेकंद पाठमोरी उभी राहिले आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"आज विचारलं नाहीत," तो म्हणाला.

"सगळ्यांना विचारते. तुम्हाला नाही."

तो पिशवी धरून उभा राहिला. रांगेतल्या बाई खाकरल्या. तो बाजूला झाला, दारापर्यंत गेला, परत वळला, काहीतरी बोलणार होता... आणि दार आपोआप उघडलं म्हणून बाहेर गेला. साएकीसान दुधाच्या कपाटामागे इतक्या हसत होत्या, की बाटल्या किणकिणल्या.

गुरुवारी सकाळी पार्सल आलं. मोठा चपटा पुठ्ठ्याचा खोका, त्यावर त्याचं नाव. नियम असा, की पार्सल आलं की तासाभरात माणसाला फोन करायचा. मी फोन उचलला. त्याचा नंबर काही वहीत बघावा लागला नाही, पाठ होता. पहिले तीन आकडे दाबले. मग बाहेर पाहिलं. समुद्र शांत, आभाळ निळं, वाऱ्याचा मागमूस नाही. असा दिवस म्हणजे तो लगेच चाक बसवणार आणि निघणार.

मी फोन खाली ठेवला. खोका उचलला आणि मागच्या खोलीत कागदी पेल्यांच्या खोक्यांमागे उभा करून ठेवला. सहा वर्षांत एकदाही नियम मोडला नव्हता.

दुपारी तो आला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याने गोड भात घेतला, साल्मन घेतला, हवेबद्दल बोलला, साएकीसानच्या गुडघ्याची चौकशी केली आणि म्हणाला, "चारला सुटता ना? नदीत साल्मन वर चढायला लागलेत म्हणे. दाखवाल?"

आम्ही पुलावर गेलो. खाली उथळ पाण्यात ते अंग घासत, उलट्या प्रवाहात वर चढत होते. पाठी सोललेल्या, शेपट्या फाटलेल्या. आमच्या हातात साल्मनचेच ओनिगिरी होते. त्याने आपला खाली पाण्याकडे बघून अपराध्यासारखा खिशात घातला, आणि मला इतकं हसू आलं, की कठड्याला धरावं लागलं.

"समुद्र सोडून हे परत जन्मगावी कशाला येतात?" मी विचारलं.

"घर आहे ना त्यांचं."

"मग तुम्हालाही जायचंच आहे."

"हो..." तो म्हणाला. "जायचंय."

कठड्यावर त्याचा हात माझ्या हातापासून चार बोटांवर होता. ते अंतर दोघांनीही कमी केलं नाही. मी मनात म्हणत होते, सांग, आत्ता सांग, खोका आलाय म्हणून. नाही सांगितलं. परतताना ऊन कलतं होतं, त्याने रेनकोट माझ्या खांद्यावर टाकला, आणि मला आयुष्यात इतकं छान आणि इतकं वाईट एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी साएकीसान पेले काढायला मागे गेल्या आणि खोका घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी तारखेचा शिक्का बघितला, माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तोमोएचान," त्या हळू म्हणाल्या, "उद्यापासून उत्तरेचा वारा सुटणार आहे. रेडिओवर सांगितलं. काल गेला असता तर पाठीवर ऊन घेऊन गेला असता. आता तोंडावर वारा घेत जाईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मी देऊन येते."

"जा. एप्रन काढ आधी."

जुन्या स्टेशनाच्या फलाटावर तो उलट्या सायकलपाशी बसून साखळीला तेल देत होता. मी खोका त्याच्यासमोर ठेवला आणि कमरेत वाकले, अगदी खोल.

"हे काल सकाळीच आलं. मी लपवून ठेवलं. मुद्दाम. तुम्ही जाऊ नये म्हणून. चूक झाली, माफ करा."

मी वाकलेलीच. मग त्याच्या हातातला फोन माझ्या डोळ्यांसमोर आला. पडद्यावर साप्पोरोच्या सायकलवाल्याचा निरोप होता: रिम तुम्ही दिलेल्या पत्त्यावर पोहोचली. तारीख गुरुवारची. वेळ सकाळी दहा.

मी सरळ उभी राहिले. "तुम्हाला... माहीत होतं?"

"काल सकाळपासून."

"मग मागितलं का नाही?"

"तुम्ही देत नव्हता ना," तो म्हणाला. मान खाली, बोटांना तेल. "आलो होतो विचारायला. दारात उभा राहिलो, तर तुम्ही माझ्याकडे बघेचनात. म्हटलं, ही लपवतेय. आणि मला इतका आनंद झाला... की आपणही गप्प बसावं असं ठरवलं. वाटलं, एक दिवस फुकट मिळतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या दुपारी तो दारातून आत आला होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने "आलं का?" असं विचारलं नव्हतं.

"तुम्ही फार लबाड आहात, अरिमुरासान."

"आणि तू?"

तो 'तू' म्हणाला. मी ते ऐकून घेतलं आणि फलाटावर त्याच्या शेजारी बसले. रूळ कधीच उखडून नेलेले, तिथे उंच गवत वाढलेलं. त्याने चाक बसवलं, मी आरे धरून ठेवले. दुपारपर्यंत आम्ही जे बोललो ते इथे सांगणार नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता वारा खरोखरच सुटला होता. तो दुकानात आला. साल्मन, गोड भात. मी गरम केले. पिशवी देताना मला राहवेना.

"कागोशिमात असं कुणी करून देणार नाही तुला."

"तू येशील तेव्हा देशील की."

"मी येईन, असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "पण मी आता तुला विचारत नाहीये..." आणि हसला. साएकीसाननी त्याच्या खिशात दोन उकडलेली अंडी कोंबली. तो वाऱ्यात वाकून सायकल मारत गेला, निळा ठिपका वळणाआड होईपर्यंत मी दारात उभी होते, आणि आपोआप लागणारं दार माझ्यामुळे लागत नव्हतं.

हिवाळा लांबला. चहाची पाकिटं आली, गोड सोया सॉसची बाटली आली, पत्रं आली. मीही लिहिली. पण काउंटरच्या या बाजूला सहा वर्षं उभी राहिलेल्या मुलीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की माणसं उबेला येतात, आभार मानतात आणि दारातून निघून जातात. आपल्या गावी परतल्यावर, आपल्या माणसांत, त्याला तो आठवडा अजून खरा वाटत असेल का? पत्रात हे विचारता येत नाही. म्हणून एप्रिलअखेर, पहिली तोडणी उरकल्यावर, मी देशाच्या या टोकाहून त्या टोकाला गेले.

त्याच्या गावाच्या, चिरानच्या, बसथांब्यावर तो मला बारा वाजता भेटणार होता. मी धांदरट, एक बस आधीची पकडली. समोर एक दुकान दिसलं. आमच्यासारखंच, तसेच कप्पे, तशीच घंटी. भूक लागली होती. मी साल्मनचा ओनिगिरी घेऊन काउंटरवर ठेवला आणि वाट बघत उभी राहिले.

काउंटरवरच्या मुलीने पैसे घेतले, ओनिगिरी माझ्यापुढे सरकवला, वाकली. मी उभीच. ती हसली. मी उभीच.

"आणखी काही हवं होतं का?"

"नाही... म्हणजे... गरम नाही करून देणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओनिगिरीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. अगदी त्याच्यासारखं.

"तुम्ही होक्काइदोच्या का?" तिने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे एकच माणूस ओनिगिरी गरम करून मागतो. अरिमुरांचा मुलगा. गेल्या ऑक्टोबरपासून. दर दुपारी, मळ्यातून येतो आणि गरम करून घेतो. आम्ही सगळे त्याला हसतो. एकदा मीच विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाला, उत्तरेत एक मुलगी आहे, ती सगळ्यांना विचारते, फक्त मला विचारत नाही." ती थांबली. "त्या... तुम्हीच का?"

सात महिने उशीखाली पत्रं ठेवून जे कळलं नव्हतं, ते त्या अनोळखी मुलीने एका दमात सांगून टाकलं. डोळे भरून आले आणि मी काउंटरच्या कडेला धरून नुसती होकारार्थी मान डोलावली.

मागे घंटी वाजली. मला वळायची गरज नव्हती, पावलं ओळखीची होती. ती दारातच थांबली. मग सावकाश पुढे आली. अंगाला चहाच्या ओल्या पानांचा वास होता.

त्या मुलीने कप्प्यातून आणखी एक ओनिगिरी आणला, माझ्या शेजारी ठेवला, आणि काउंटरचं छोटं फळकूट उचलून मला आत यायला वाट करून दिली. मायक्रोवेव्ह तिच्या मागेच होता. मी आत गेले. वळले. तो समोर उभा होता, उन्हाने काळवंडलेला, टोपी हातात, आणि कान लाल.

सात महिन्यांत सुचलेलं सगळं विसरले. तोंडून सवयीचं तेवढं निघालं.

"गरम करून देऊ?"

"विचारतेस काय," तो म्हणाला.